खाडीचे चित्र

१. आपले पाणी कोठे जाते?

आपल्या शिरूर अनंतपाळला समुद्र नाही. समुद्र येथून फार दूर आहे. आपल्यापैकी पुष्कळांनी तो पाहिलेलाही नाही. मग समुद्राच्या चित्राचा धडा आपल्याला कशाला, असे कोणी विचारील. विचारणे बरोबर आहे.

पण एक गोष्ट पाहा. आपल्या रानात पाऊस पडतो. ते पाणी ओढ्याला मिळते. ओढा घरणी नदीला मिळतो. घरणी मांजरेला मिळते. मांजरा पुढे गोदावरीला मिळते. गोदावरी आंध्रात जाऊन समुद्राला मिळते. वाटेत धरणे आहेत, तलाव आहेत. पुष्कळ पाणी तेथेच अडते. तरी चांगल्या पावसाच्या वर्षी आपल्या शिवारातले थोडे पाणी समुद्रापर्यंत पोचते. म्हणजे समुद्र आपला अगदीच परका नाही. तो आपल्याच ओढ्याचे शेवटचे टोक आहे.

नदी जेथे समुद्राला मिळते, तेथे गोडे पाणी आणि खारे पाणी एक होते. समुद्राचे पाणी नदीच्या मुखातून आत शिरते. त्या जागेला खाडी म्हणतात. आपल्या महाराष्ट्राच्या कोकणपट्टीत अशा कितीतरी खाड्या आहेत. वसईची खाडी, ठाण्याची खाडी, धरमतरची खाडी, दाभोळची खाडी, जयगडची खाडी, विजयदुर्गची खाडी.

या धड्यात आपण खाडी पाहू. तिचे चित्र कसे काढतात ते पाहू. आणि माझी एक चूक झाली होती, तीही सांगणार आहे.

२. भरती आणि ओहोटी

आपल्या तलावाचे पाणी पावसाळ्यात चढते आणि उन्हाळ्यात उतरते. चढायला चार महिने, उतरायला आठ महिने. खाडीचे पाणी तसे नाही. ते सुमारे सहा तास चढते आणि सहा तास उतरते. चढते ती भरती. उतरते ती ओहोटी. दिवसरात्रीत दोन वेळा भरती आणि दोन वेळा ओहोटी.

हे कशाने होते? चंद्र आणि सूर्य समुद्राचे पाणी ओढतात. त्यात चंद्राची ओढ अधिक. अमावास्येला आणि पौर्णिमेला दोघांची ओढ एका रेषेत येते. त्या दिवसांत पाणी फार चढते व फार उतरते. त्याला उधाण म्हणतात. मुंबई-ठाण्याकडे उधाणाच्या दिवशी पाणी चार मीटरहूनही अधिक चढते. चार मीटर म्हणजे आपल्या एका माळवदाच्या घराहून उंच! अष्टमीच्या सुमारास भरती लहान असते. तिला भांगाची भरती म्हणतात. कोळ्याला पंचांग लागते ते यासाठी. आपण तिथी पाहून उपास धरतो. कोळी तिथी पाहून होडी काढतो.

भरती रोज एकाच वेळी येत नाही. आज दहाला आली तर उद्या पन्नास मिनिटे उशिरा येते. हे ध्यानात ठेवा. चित्र काढणाऱ्यालाही याचे काम पडते.

३. चिखलातले धन

ओहोटीला पाणी गेले की मागे चिखल उरतो. मैलभर चिखल. पाहणाऱ्याला वाटते, येथे काय आहे? घाण आहे. पण तो चिखल म्हणजे मोठे कोठार आहे. त्यात किडे आहेत, शिंपले आहेत, खेकडे आहेत. निवटी नावाचा मासा आहे. तो पाण्याबाहेर येऊन चिखलावर टुणटुण उड्या मारतो.

काठाला झाडे असतात. त्यांना खारफुटी म्हणतात. कोणी कांदळवन म्हणतात. त्यातले तिवराचे झाड पाहण्यासारखे आहे. चिखलात मुळांना हवा मिळत नाही. म्हणून त्याची मुळे जमिनीतून वर येतात. चिखलात हजारो पेन्सिली उभ्या रोवाव्यात तशी ती दिसतात. त्या मुळांनी झाड श्वास घेते. तिवराचे पान जिभेला लावा, खारट लागते. मुळांनी आत आलेले मीठ ते झाड पानावाटे बाहेर टाकते. ही झाडे लाटांचा मार सोसतात, काठ धरून ठेवतात. माशांची पिले त्यांच्या मुळांत वाढतात. २०२० साली आपल्या सरकारने पांढरी चिप्पी या खारफुटीच्या झाडाला राज्याचा मान दिला.

या कोठारावर पक्षी येतात. बगळे येतात, शेकाटे येतात, तुतवार येतात. सर्वांत देखणा येतो तो रोहित. त्याला अग्निपंख असेही म्हणतात. उंच काटकुळे पाय. लांब मान. वाकडी चोच. रंग गुलाबी. तो मान खाली घालतो, चोच उलटी करतो आणि चिखलपाणी गाळून त्यातले अन्न खातो. आपली बाई पिठाची चाळणी धरते, तशी त्याच्या चोचीत चाळणी असते.

त्याचा गुलाबी रंग अन्नातून येतो. पाण्यात बारीक शेवाळ असते, त्यात तो रंग असतो. रोहिताचे पिलू जन्मते तेव्हा करड्या रंगाचे असते. खाऊन खाऊन ते गुलाबी होते.

ठाण्याच्या खाडीत हे पक्षी हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत हजारोंनी उतरतात. २०१५ साली तेथे रोहित पक्ष्यांचे अभयारण्य झाले. सुमारे सतराशे हेक्टरांचे ते आहे. २०२२ साली या खाडीचे नाव जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेले.

४. फाडलेले पान

आता माझी चूक सांगतो.

पस्तीस वर्षे झाली असतील. मी तेव्हा आपल्या भागात एका शाळेवर होतो. सातवीचा वर्ग. मी फळ्यावर व्याजाचे गणित घातले होते. मागच्या ओळीत एक मुलगा खाली मान घालून बसला होता. मला वाटले, गणित करतो आहे. जवळ गेलो. पाहतो तर वहीच्या मागच्या पानावर चित्र!

मी विचारले, "काय करायलास रे?"

तो उभा राहिला. म्हणाला, "बगळा काढायलोय, गुरुजी. तळ्यावरचा."

मी म्हणालो, "बगळ्यानं पोट भरतं का?" आणि ते पान टरकन फाडले. वर्ग हसला. तो हसला नाही, रडलाही नाही. खाली बसला आणि गणित करू लागला.

सातवीनंतर त्याने शाळा सोडली. घरची कोरडवाहू जमीन. बाप त्याला घेऊन मुंबईकडे गेला. पुढे कळले, तो ठाण्याला दुकानांच्या पाट्या रंगवतो. चार पैसे मिळवतो. मला बरे वाटले. मी मनात म्हणालो, अक्षर तरी आपण शिकवले होते!

पुढे छापील कापडी फलक आले. हाताने पाटी रंगवणाऱ्याला काम राहिले नाही. त्याचेही काम गेले. तो घरांना रंग देऊ लागला. पण रविवारी खाडीवर जाऊन चित्रे काढायचे त्याने सोडले नाही.

२०१९ च्या फेब्रुवारीत मी मुलाकडे ठाण्याला गेलो होतो. याला कसे कळले कोण जाणे. दारात येऊन उभा राहिला. केस पिकलेले. वाकून पाया पडला आणि म्हणाला, "गुरुजी, चला. तुम्हाला खाडी दाखवतो."

५. खाडीवरची सकाळ

ऐरोलीला वनखात्याचे सागरी जैवविविधता केंद्र आहे. तेथून बोट खाडीत जाते. पाणी असेल तेव्हाच जाते. त्याने आधीच तिथी पाहून वेळ धरली होती.

बोट कांदळवनाच्या कडेने चालली. ओहोटी लागत होती. पाणी उतरू लागले तसा काठाचा चिखल उघडा पडू लागला. आणि दूर मला एक गुलाबी पट्टा दिसला. मला वाटले, फुले असतील. बोट जवळ गेली. तो पट्टा हलू लागला. हजारो रोहित! एक थवा उडाला. उडताना पंख उघडले, तेव्हा आत लाल आणि काळा रंग दिसला. बसलेल्या पक्ष्यात तो दिसत नाही. मी साठीला आलेला माणूस, लेकरासारखा उठून उभा राहिलो. बोटवाल्याने मला खाली बसवले.

माझा विद्यार्थी मात्र शांत होता. त्याने खिशातून लहान वही काढली. पेन्सिलीने भराभरा रेघा ओढल्या. एका पक्ष्याला चार-पाच रेघा, जास्त नाहीत. पानाच्या कोपऱ्यात त्याने तारीख लिहिली, तिथी लिहिली, वेळ लिहिली. मी विचारले, "वेळ कशाला?" तो म्हणाला, "अर्ध्या तासानं हे पाणी इथं नसतंय, गुरुजी. कोणत्या वेळचं पाणी हाये, ते लिहून ठेवावं लागतं."

परत काठावर आलो. सावलीत बसलो. मग मी धीर करून विचारले, "बाबा, ते फाडलेलं पान आठवतं का?"

तो म्हणाला, "आठवतं की."

मी म्हणालो, "माझं चुकलं."

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "गुरुजी, त्या बगळ्याचा पाय चुकला होता. गुडघा उलटा काढला म्हणून मला वाटायलं, माणसासारखा पुढं वाकवावा का काय. तुम्ही पान फाडलं, त्याचं काही नाही. पण पाय चुकला, हे तुम्ही सांगितलं नाही. तुम्ही बघितलंच नाही."

मंडळी, त्याने मला राग दाखवला नाही. पण ते बोलणे मला लागले. मी पस्तीस-चाळीस वर्षे मुलांना 'नीट बघा' म्हणत होतो. आणि मीच बघितले नव्हते.

मग त्यानेच मला सांगितले. पक्ष्याच्या पायाच्या मधला जो सांधा मागे वाकलेला दिसतो, तो गुडघा नव्हे. तो घोटा आहे. खरा गुडघा वर, पोटाजवळ पिसांत झाकलेला असतो. बगळा, रोहित, शेकाट्या, अगदी आपली कोंबडीसुद्धा, सारे पक्षी बोटांवर उभे असतात. साठ वर्षे मी कोंबड्या पाहिल्या. हे मला ठाऊक नव्हते.

६. चित्र काढण्याची रीत

आता त्याने दाखवलेली रीत तुम्हाला सांगतो. एकेक पायरी आहे.

पहिली पायरी. आधी बसा आणि पाहा. पेन्सिल हातात घेऊ नका. उजेड कोणीकडून येतो ते पाहा. पाणी चढते आहे की उतरते आहे ते पाहा.

दुसरी पायरी. पाण्याची आणि आभाळाची जेथे भेट होते तेथे आडवी रेघ ओढा. ती सरळ हवी. गवंडी भिंतीला दोरी धरतो तशी. ही रेघ कलली तर सारे पाणी सांडल्यासारखे दिसते. रेघ कागदाच्या बरोबर मधोमध नको. आभाळ छान असेल तर खाली घ्या. चिखल आणि पक्षी दाखवायचे असतील तर वर घ्या.

तिसरी पायरी. फिका रंग आधी, गडद रंग नंतर. जलरंगात पांढरा उजेड म्हणजे कोरा कागद. पाण्यावरची चकाकी, बगळ्याची पाठ, तेथे रंग लावायचाच नाही. कागद सोडायचा. एकदा गडद रंग बसला की तो नीट निघत नाही. बोललेला शब्द आणि लावलेला रंग, दोन्ही सारखे.

चौथी पायरी. चिखलाला नुसता तपकिरी रंग देऊ नका. ओला चिखल आरसा असतो. त्यात आभाळ दिसते. त्यामुळे कोठे निळसर, कोठे राखाडी, कोठे पिवळट दिसतो. निळा आणि तपकिरी एकत्र केले की चांगला राखाडी रंग होतो. काळ्याची गरज पडत नाही.

पाचवी पायरी. दूरची वस्तू फिकी आणि निळसर, जवळची गडद आणि स्पष्ट. दूरचे कांदळवन म्हणजे एक फिकट पट्टा. जवळच्या तिवराची मात्र मुळेही दाखवा.

सहावी पायरी. थव्यातला एकेक पक्षी काढू नका. दूरच्या थव्याला एक गुलाबी ओढ पुरे. जवळचे चार-पाच पक्षी नीट काढा. प्रत्येकाची मान निराळी ठेवा. एक खाणारा, एक पाहणारा, एक पंखात चोच खुपसून झोपलेला. पाहणाऱ्याचे डोळे बाकीचा थवा आपोआप भरून काढतात. रोहिताला लाल रंग फासू नका. भरपूर पाण्यात लाल रंगाचा एक थेंब, एवढाच तो गुलाबी.

सातवी पायरी. पाण्यातली सावली वस्तूच्या बरोबर खाली येते, बाजूला नाही. पाणी हलत असेल तर ती तुटक काढा.

रंग नसले तर? त्याने मला हेही सांगितले. कोळसा आहे, गेरू आहे, चुना आहे, कपड्याची नीळ आहे. बाभळीचा डिंक पाण्यात विरघळवा. त्यात बारीक वस्त्रगाळ गेरू कालवा. रंग झाला. हळदीचा पिवळा सुंदर दिसतो, पण उन्हात उडून जातो. बाभूळ आपल्या बांधावर आहे. गेरूने आपल्या मायबहिणी भिंती सारवून घेतात. म्हणजे सामान घरातच आहे.

७. पाण्याकाठी बसलेले चित्रकार

आपल्या मराठी मुलखात पाण्याची चित्रे काढणारे मोठे लोक होऊन गेले.

कोल्हापूरचे आबालाल रहिमान मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकले. ही शाळा १८५७ साली निघाली. शिकून ते कोल्हापूरला परत आले. शाहू महाराजांनी त्यांना आश्रय दिला. ते कोटितीर्थ तळ्याच्या काठी साधेपणाने राहिले. तेच तळे, तेच काठ, तीच झाडे. ते पुन्हापुन्हा काढीत. सकाळचे तळे निराळे, संध्याकाळचे निराळे. १९३१ साली ते वारले. त्यांनी मोठा समुद्र शोधला नाही. घराजवळचे पाणी त्यांना पुरले.

सावळाराम हळदणकर हे कोकणातल्या सावंतवाडीचे. जन्म १८८२, मृत्यू १९६८. जलरंगात त्यांचा हात बसलेला होता. हातात दिवा घेतलेल्या स्त्रीचे त्यांचे जलरंगातले चित्र मैसूरच्या राजवाड्यात आहे. पुष्कळ लोक ते राजा रविवर्म्याचे समजतात. ते आपल्या हळदणकरांचे आहे. चित्राखालचे नाव वाचता येणे का महत्त्वाचे आहे, ते यावरून कळावे.

आणखी एक जुनी गोष्ट. जहांगीर बादशहाच्या दरबारी मन्सूर नावाचा चित्रकार होता. पशुपक्षी काढण्यात त्याचा हातखंडा. त्याच काळातले एक चित्र आज रशियात आहे. ते मन्सूरचे मानतात. त्यात डोडो नावाचा जाडा, उडता न येणारा पक्षी आहे. डोडो मॉरिशस बेटावर राहत असे. जहाजाने कोणी तो हिंदुस्थानात आणला असावा. खलाशांनी आणि त्यांच्याबरोबर बेटावर आलेल्या डुकरांनी, उंदरांनी डोडोची जात सतराव्या शतकातच संपवली. आज जगात एकही डोडो नाही. तो कसा दिसत होता, हे शोधताना शास्त्रज्ञ ते चित्र पाहतात. पक्षी गेला, चित्र राहिले.

म्हणून खाडीवर काढलेल्या चित्रात नुसती शोभा नसते, साक्षही असते. या काठाला एवढी झाडे होती, एवढे पक्षी येत होते, असे ते सांगते. उद्या कोणी भराव टाकला, झाडे तोडली, तर चित्र बोलते.

८. आपल्या तलावावर

आता आपल्याकडे या. घरणीचा तलाव आहे, साकोळचा तलाव आहे. हिवाळ्यात जाऊन पाहा. बगळे आहेत, ढोकरी आहे, खंड्या आहे, पाणकावळा आहे. पाण्यात बुडी मारणारी टिबुकली आहे. काळ्या अंगाचा, पांढऱ्या कपाळाचा पक्षी आहे. त्याचे नाव वारकरी! कपाळाला पांढरा टिळा आहे, म्हणून लोकांनी हे नाव दिले असेल. अशी नावे आपल्याच माणसांनी ठेवली आहेत. सोलापूरचे मारुती चितमपल्ली वनखात्यात होते. २०२५ साली ते वारले. त्यांनी लोकांच्या तोंडची पक्ष्यांची नावे जन्मभर गोळा केली आणि पक्षिकोश लिहिला. आपल्या गावातल्या म्हाताऱ्यांना अशी किती नावे ठाऊक असतील! ती कोणी लिहून घेतली आहेत का?

२०१६ चा उन्हाळा तुम्हाला आठवतो. लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. तलाव आटले. तळाला भेगा पडल्या. ते दिवस आपण भोगले, पण त्यांचे चित्र आपल्यापैकी कोणी काढून ठेवले नाही. आज लेकरांना सांगितले तर त्यांना खरे वाटत नाही.

मी आता दर महिन्याच्या पौर्णिमेला तलावावर जातो. वही नेतो. पाणी कोठवर आहे तेथे रेघ ओढतो. दिसलेले पक्षी काढतो. तारीख, तिथी, वेळ लिहितो. माझे बगळे अजून बगळ्यासारखे दिसत नाहीत. पण पाय बरोबर असतात.

आमचा तो विद्यार्थी वर्षातून एकदा गावाकडे येतो. आला की वही मागतो, पाने उलटतो, चुका दाखवतो. एकही पान फाडत नाही.

तुम्ही अक्षरे शिकलात. अक्षर म्हणजेसुद्धा एक चित्रच आहे. 'ग' आणि 'म' यांतला फरक तुम्ही डोळ्यांनी ओळखलात. त्याच डोळ्यांनी आता पाणी पाहा, पक्षी पाहा. आणि तुमचे लेकरू वहीच्या मागच्या पानावर काही काढत असेल, तर आधी त्याच्याजवळ बसा. काय काढले ते पाहा. मग गणिताचे विचारा.

करून पाहा

१. आपल्या ओढ्यापासून समुद्रापर्यंत पाणी कोणत्या नद्यांतून जाते? नावे क्रमाने लिहा.
२. भरती आणि ओहोटी म्हणजे काय? उधाण कोणत्या तिथींना येते?
३. रोहित पक्षी गुलाबी कशाने होतो?
४. गुरुजींची चूक कोणती? पान फाडले ही, की दुसरी काही? आपसांत बोला.
५. घरची कोंबडी उभी असताना तिचा पाय नीट पाहा. कोळशाने पाटीवर काढा. घोटा कोठे आहे ते दाखवा.
६. आपल्या भागातल्या पाच पाणपक्ष्यांची नावे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून वहीत लिहा.

शब्दांचे अर्थ

खाडी – नदीच्या मुखातून समुद्राचे पाणी आत शिरते ती जागा.
खारफुटी – खाऱ्या चिखलात वाढणारी झाडे.
उधाण – अमावास्या-पौर्णिमेची मोठी भरती.
जलरंग – पाण्यात कालवून लावायचा रंग.
थवा – पक्ष्यांचा समूह.
साक्ष – पाहिलेल्या गोष्टीचा पुरावा.